चुगलखोर खडा

प्रिय,

पुढची जागा मुद्दाम रिकामी सोडली आहे, रागावू नकोस. 'चिरंजीव' लिहायला घेतलं होतं, पण मी तुला जन्म दिला नाही, वाढवलं नाही, एवढंच काय, पाहिलेलंही नाही. फुकटचा मोठेपणा कशाला घ्यायचा? 'श्रीयुत' लिहून पाहिलं, तर बँकेचं पत्र वाटायला लागलं. नुसतं नाव लिहावं तर ते या घरात कोणी मोठ्यानं घेत नाही, त्यामुळे माझ्या हाताला त्याची सवय नाही. तेव्हा ती जागा तूच भर. मी तुझ्या बाबांची बायको, दुसरी. तू घर सोडल्यावर बऱ्याच वर्षांनी या घरात आले. तुझ्या मामांकडून तुला कळलं असेलच. तुझा पत्ताही मी त्यांच्याचकडून काढून घेतला, आणि तोही सहजासहजी नाही, त्यांच्या आवडत्या कोटावरचा शाईचा डाग काढून दिल्यावर. 'तुम्ही' म्हणायचं मनात होतं, पण अहो-जाहो करत राहिले तर जे सांगायचंय ते राहून जाईल, म्हणून एकेरीवरच येते.

माझी लाँड्री आहे. डाग काढणं हा माझा धंदा आणि, तुझे बाबा म्हणतात तसं, माझा रोगही. लोकांच्या खिशांत काय काय सापडतं ते सांगत बसले तर पत्र संपायचं नाही, पण सगळ्यांत जास्त सापडतात त्या किल्ल्या. कोणाच्या ते कळत नाही आणि फेकवतही नाहीत. अशा किल्ल्यांनी भरलेला डबा घेऊन मी एकदा तुझ्या बाबांच्या किल्ल्यांच्या दुकानात गेले. त्यांनी एकेक किल्ली चिमटीत धरली, डोळे मिटले आणि बोट फिरवून सांगत गेले, ही कपाटाची, ही सुटकेसची, ही सायकलच्या कुलपाची. कुलपाशिवाय किल्ली म्हणजे नुसता पत्र्याचा तुकडा, असं म्हणाले, आणि तरी त्यांतली एकही मला टाकू दिली नाही. हरवलेल्या वस्तूंपुढे या माणसाचं काही चालत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला वाटलं, माणूस सज्जन आहे, कमी बोलतो, दात शाबूत आहेत, काय हरकत आहे?

लग्नानंतर आतली खोली पाहिली आणि दारातच उभी राहिले. ती खोली तुझी होती हे मला पुष्कळ नंतर कळलं. तुझी कॉट तशीच होती, उशीला अभ्रा घातलेला होता, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीनं उभ्या होत्या गांजा ओढायच्या चिलमी. मातीच्या, जुन्या, धुरानं काळवंडलेल्या. म्हटलं, बाई गं, काय पदरात पाडून घेतलंस! साधी सुपारीसुद्धा न खाणाऱ्या माणसाच्या घरात हा पसारा. पुढचे कित्येक दिवस मी त्यांचे सदरे धुण्याआधी हुंगून पाहत होते. धुराचा वास माझ्या नाकापासून लपत नाही. पण वास यायचा तो फक्त लोखंडाच्या किसाचा आणि तेलाचा. शेवटी सरळ विचारलं. जुन्या वस्तूंचा शौक आहे, एवढं म्हणाले आणि किल्लीवर कानस घासत बसले. मग मीही विषय सोडला. लोकांचे नवरे पत्ते खेळतात, माझा चिलमी जमवतो, जाऊ दे.

सुट्टीच्या सकाळी ते जुन्या बाजारात जायचे, तशी हळूहळू मीही जायला लागले. तिथे या शौकाची एक मंडळीच आहे. त्यांचा म्होरक्या काडीवाला. पूर्वी जहाजावर होता, आता तोंडात सदानकदा एक न पेटवलेली काडी धरून असतो, म्हणून हे नाव. त्याच्याकडे काय नाही ते विचार. झाकणाचे पितळी पाइप, सिगारेट वळायच्या पातळ कागदांची जुनी पाकिटं, गांजा ठेवायच्या पत्र्याच्या डब्या, शिंगाच्या टोकाच्या नळ्या. ओढत मात्र आता कोणीच नाही, सगळ्यांची फुप्फुसं कधीच संपावर गेली आहेत. काडीवाला एक रिकामी डबी उघडतो, नाकाशी धरतो, डोळे मिटतो आणि सुरू होतो: कोणत्या बंदरात, कोणाच्या गच्चीवर, कोण गात होतं, कोण हसता हसता जिन्यावरून पडलं. त्या गच्चीवरच्या मंडळींतले बहुतेक आता नाहीत. एकदा मी त्याला म्हटलं, डबी द्या, उकळत्या पाण्यातून काढून लख्ख करून देते. त्यानं ती छातीशी अशी धरली की जणू मी त्याचं मूल मागितलं. म्हणाला, 'वहिनी, वास गेला की हा नुसता पत्रा उरेल हो.' मी तेव्हा हसले होते.

तुझे बाबा या गप्पांत कधी नसायचे. ते प्रत्येक टपरीसमोर उकिडवे बसायचे, ढिगातून चिलीम उचलायची, आत बघायचं, खिशात हात घालून काहीतरी चाचपायचं, चिलमीच्या तोंडाशी हात न्यायचा, मान हलवायची, परत ठेवायची. क्वचित एखादी घ्यायचे, आणि ती घेतानाही खूश दिसायचे नाहीत. काडीवाल्यानं त्यांना पुष्कळ चिडवलं. म्हणायचा, किल्लीवाले, माणूस जमवतो ते निरनिराळं जमवतो, तुमच्याकडे सगळ्या एकाच घाटाच्या, वीतभर, तांबड्या मातीच्या, कंबरेत वाकलेल्या. हा संग्रह आहे की पलटण? त्यानं एकदा त्यांना काळ्या दगडाची कोरीव चिलीम भेट दिली, सगळा बाजार बघत राहिला. यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि नम्रपणे परत केली. मला बाई लाज वाटली. या माणसाला शौक आहे पण नजर नाही, असं मी काडीवाल्याजवळ बोललेही.

मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. घाबरू नकोस, हलका होता, बोलणं आणि चालणं शाबूत आहे. उजवा हात मात्र बधिर झाला. दिसायला आहे तसाच आहे, चहाचा कप धरतो, पण गरम की गार ते त्यांना सांगता येत नाही. किल्लीच्या दात्यावरून बोट फिरवतात आणि काही कळत नाही. दुकान बंद केलं. बाजारही बंद झाला. दिवसभर तुझ्या खोलीत बसून राहायचे. मला वाटलं, यांचं मन लागेल असं काहीतरी करावं, आणि मला एकच गोष्ट करता येते.

ते तपासणीला दवाखान्यात गेले होते, मामा बरोबर होते. मी सगळ्या चिलमी उतरवल्या आणि धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात टाकल्या. चिलमीच्या तोंडाशी ओलं फडकं गुंडाळतात, त्याला साफी म्हणतात. नाव साफी आणि रंग असा की माझ्या लाँड्रीत कोणी आणली असती तर मी पावतीच केली नसती. तीही सगळी फडकी उकळली. किती वर्षांची काजळी निघाली म्हणून सांगू! पाणी तीनतीनदा बदललं आणि प्रत्येक वेळी मला नव्यानं आनंद झाला. चिलमी गच्चीवर ओळीनं वाळत घातल्या, साफ्या दोरीवर. लेका, इतकी पांढरी फडकी मी गिऱ्हाइकालाही देत नाही. मग टब ओतायला गेले तर तळाशी खळखळ झालं. खाली खडेच खडे.

चिलमीच्या पोटात, नळी जिथे अरुंद होते तिथे, एक खडा बसवलेला असतो, हे तुला मी काय सांगणार? त्याच्या बाजूनं धूर येतो आणि निखारा तोंडात येत नाही. मला वाटलं होतं ती आत साचलेली घाण आहे. प्रत्येक खडा त्या त्या चिलमीच्या मापानं घासलेला असतो, एकीचा दुसरीला होत नाही, हे मला काडीवाल्यानं कपाळाला हात लावून सांगितलं. त्याच्या मते मी एका दुपारात सगळ्या पलटणीची विल्हेवाट लावली होती. त्यानंच सांगितलं की जुने लोक या खड्याला चुगल म्हणतात. का म्हणून विचारलं, तर म्हणाला, तो नीट बसला नसला की चिलीम घरघरते आणि आत काय चाललंय ते आख्ख्या गल्लीला सांगते, म्हणून असेल. त्याचं काही खरं नसतं, पण शब्द मला आवडला.

तुझे बाबा घरी आले, गच्चीवर गेले, आणि ओळीतली एकेक चिलीम उचलून आत बघत गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, चूक नाही, तुला कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं खडे बसवायला बसलो. हात माझे, विद्या त्यांची. खडा टाक, चिलीम उलटी कर, हलव, वाजला तर तिचा नाही. अडकला पण फुंकर जात नाही तरी तिचा नाही. बसला आणि फुंकर गेली तर तो तिचा. लग्न झाल्यापासून इतकं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. माझ्या फुंकरीवर हसायचे, म्हणायचे, इस्त्रीवर पाणी मारल्यासारखी काय फुंकतेस? ते दिवस खरंच चांगले गेले, आणि मला वाटू लागलं की आपल्या हातून झालेल्या घोटाळ्यानं यांना बरंच केलं.

सगळे खडे बसले. प्रत्येक चिलमीला तिचा खडा मिळाला, एकही रिकामी राहिली नाही. मी टाळी वाजवली आणि हे म्हणाले, एक कमी आहे. म्हटलं, कुठली चिलीम रिकामी आहे, दाखवा. रिकामी नाही, म्हणाले, पण एक कमी आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. जेवण अर्धं टाकून उठायचे, टब उपडा करून पाहायचे. मला धडकीच भरली. डॉक्टर म्हणाले होते की असा झटका पुन्हा येऊ शकतो आणि कधीकधी आधी डोक्यावर परिणाम दिसतो. मी त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागले, हो, शोधू या, सापडेल हं. आणि एका सकाळी पाहते तर न्हाणीघरात ओणवे होऊन, मोरीची जाळी काढून, ते डावा हात पार कोपरापर्यंत आत घालून बसले होते. मी ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, काय हरवलंय ते तरी सांगाल का? ते तसेच बसून म्हणाले, निळा होता. एका बाजूनं निळा.

मग माझ्या लक्षात आलं. टबातून खडे वेचताना एक तुकडा निळा निघाला होता. मला वाटलं, आपल्या न्हाणीघराच्या फरशीचा टवका उडाला, नंतर चिकटवू, म्हणून खिडकीत साबणाशेजारी ठेवला होता. तो आणून मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी आधी उजव्या हातानं घेतला, काही कळलं नाही, मग डाव्या हातात घेतला, आणि तिथेच, ओल्या फरशीवर बसून रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहत होते. काय करावं ते सुचेना, म्हणून पंचा घेऊन त्यांचा हात पुसत बसले.

तेव्हा सगळं सांगितलं. तुझी आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. तू फरशांच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होतास, घरी आलास की खोलीचं दार लावून घ्यायचास, आणि ते दुकानात स्वतःला कोंडून घ्यायचे. एक दिवस त्यांना तुझ्या खणात ती चिलीम सापडली. तू हातानं वळलेली, फरशांबरोबर चोरून भाजलेली, कंबरेत वाकलेली, आणि बाजूला तुझ्या अंगठ्याचा खळगा राहिलेली. ते म्हणाले, 'या घरात एक तर ही राहील, नाहीतर तू.' आणि ती दाराशी भंगाराच्या टोपलीत टाकली. त्यांना वाटलं होतं तू भांडशील, आरडाओरडा करशील, मग दोघं जेवायला बसाल. तू काहीच बोलला नाहीस. सकाळी भंगारवाला टोपली घेऊन गेला होता आणि तूही गेला होतास. खणात हा खडा तेवढा राहिला होता, फुटक्या निळ्या फरशीचा, घासून घासून गोल केलेला. ते म्हणाले की किल्ल्या घासण्यात सगळा जन्म गेला, पण इतक्या मन लावून घासलेली वस्तू त्यांनी पाहिली नव्हती, आणि हे तुला सांगायला तू समोर नव्हतास.

त्याच दुपारी ते भंगारवाल्याकडे गेले. तो म्हणाला, अशी काही वस्तू टोपलीत नव्हतीच. यांना वाटलं, खोटं बोलतो आहे, जुन्या बाजारात विकून मोकळा झाला असणार. तेव्हापासून हा माणूस खिशात एक खडा घेऊन बाजारात फिरतो आहे. दिसेल त्या वाकड्या, तांबड्या चिलमीत तो घालून बघायचा. नाही बसला की परत ठेवायची, आणि बसल्यासारखा वाटला, खात्री होईना, की घरी आणायची. तो संग्रह नव्हताच रे. तुझ्या एका चिलमीसारख्या दिसणाऱ्या त्या सगळ्या होत्या. आजारी पडल्यावर खडा खिशातून हरवेल म्हणून त्यांनी तो एका चिलमीत कापूस लावून ठेवला होता, आणि मी पडले धोबीण.

मला दया आली, पण त्याहून जास्त राग आला, खोटं कशाला सांगू? म्हटलं, अहो, पत्ता ठाऊक होता, मामा तुम्हाला दर वेळी सांगत होते, मग एकदा जाऊन का नाही आलात? तर हे म्हणाले, 'त्याची वस्तू मी टाकली. रिकाम्या हातानं कसा जाऊ?' मिळाली की घेऊन जायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. ती मिळाली नाही आणि जाणं राहत गेलं. मग उजवा हात पुढे करून म्हणाले की आता तर ती समोर आली तरी मला कळायची नाही. त्या दिवसापासून ते खोलीत जात नाहीत. निळा खडा सदऱ्याच्या खिशात असतो. सदरा धुवायला टाकण्याआधी काढून माझ्या हातात देतात, वाळल्यावर परत मागून घेतात.

आता हे पत्र का लिहिते आहे ते सांगते. त्यांना याची कल्पना नाही. कळलं तर मला बोल लावतील, लावू देत. सरळ सरळ चुगली करते आहे. माझं डोकं कपड्यांच्या खिशांत मुरलेलं आहे, आणि मला एवढं कळतं की माणूस घर सोडताना काय टाकतो आणि काय नेतो. भंगारवाला खोटं बोलत नव्हता. ज्यानं माती वळली, भट्टीत चोरून भाजली, खडा इतका घासला, तो ती चिलीम टोपलीत ठेवून जाईल? ती तूच उचललीस. तुझ्याकडेच आहे, खड्यावाचून, इतकी वर्षं. असेल तर घेऊन ये. खडा मी पाठवत नाही, तो बसवायला तुला इथे यावं लागेल. उशीर करू नकोस, दुसरा झटका सांगून येणार नाही. माफी मागायचं-द्यायचं काय ते तुम्ही बापलेक बघा, नाही जमलं तरी चालेल; तू फक्त ती त्यांच्या डाव्या हातात दे. आणि समजा माझा अंदाज चुकला, ती खरंच गेली असली, तर एक नवी बनव. वाकडी बनव आणि अंगठ्याचा खळगा विसरू नकोस. आदल्या दिवशी गुपचूप लाँड्रीत आणून दे. जन्मभर डाग काढत आले आहे, नव्या मातीला जुना डाग कसा लावायचा ते माझ्यावर सोड.

उशीचा अभ्रा आज बदलला आहे.

तुझीच,
चुगलखोर लाँड्रीवाली